नलिनीताईंची चकमकीची पिस्तुलं

समोरच्याच्या नाकावरचा चष्मा न विचारता काढून घ्यायची नलिनीताईंना सवय होती. बोलता बोलता त्यांची नजर आपल्या डोळ्यांवरून सरकून कानाकडे जायची आणि "एक मिनिट हं" हे शब्द ऐकू येईपर्यंत आपल्यापुढचं जग धूसर झालेलं असायचं. मग चष्म्याची काडी बोटांत घासून त्या जरा ऊबदार करायच्या, अंगठ्यानं वाकवायच्या, एक डोळा मिटून बघायच्या आणि चष्मा पुन्हा जागच्या जागी ठेवायच्या. "चष्मा वाकडा असला का माणूस खोटा दिसते," असं वर ऐकवायच्या. एका लग्नात ऐन मंगलाष्टकांच्या आधी त्यांनी नवरदेवाच्या वडिलांचा चष्मा काढून घेतला होता. हातात अक्षता घेऊन सगळा हॉल थांबला. त्या गृहस्थांना रागच आला होता. पण फोटो आल्यावर ते स्वतःच पेढे घेऊन दुकानात आले.

रामदासपेठेत दवाखान्यांच्या रांगेत त्यांचं चष्म्याचं दुकान होतं, आणि आमच्याच इमारतीत, माझ्या खालच्या मजल्यावर, त्यांचं घर. मी ज्युनिअर कॉलेजात शिकवतो म्हणून त्या मला 'सर' म्हणत. त्यांचे यजमान धोटेकाका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, कमी बोलणारे, बायकोच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावणारे. मूलबाळ नव्हतं. घरात दोघंच, आणि काचेच्या कपाटात ती पिस्तुलं.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दचकलोच. लोकांच्या दिवाणखान्यात जिथे टीव्ही असतो तिथे यांच्याकडे ते कपाट. आत लाल मखमलीवर सात-आठ पिस्तुलं मांडलेली, प्रत्येक निदान दोनशे वर्षांपूर्वीचं. एकाच्या मुठीवर चांदीच्या तारेची वेल जडवलेली. एकाच्या नळीवर सोन्याच्या केसासारख्या रेषा ठोकून बसवलेल्या. एकाच्या नळीचं तोंड म्हणजे जबडा उघडलेला वाघ. एक इतकं लहान की तळहातात मावावं, आणि त्याच्या मुठीच्या टोकाला दात काढून हसणारा एक म्हातारा.

"बंदुका जमवता?" मी विचारलं.

"बंदूक नका म्हणू, सर."

"मग काय म्हणू?"

"काम म्हणा. कोणाचं तरी काम आहे ते."

मग त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं आणि ती वेल दाखवली. लाकडात नखाएवढ्या खोलीचा चर कोरून त्यात चांदीची चपटी तार उभी बसवलेली. मध्येच एका पानाच्या जागी एक किडा होता, सहा पायांचा. नलिनीताई म्हणाल्या, तिथं कारागिराचा हात घसरला असणार. खोडता तर येत नाही, म्हणून त्यानं घसरलेल्या रेषेला पाय काढले. "आता सांगा," त्या म्हणाल्या, "मारायचंच होतं, तर साधी नळी पुरे होती ना? मग हा माणूस चांदीची तार घेऊन एवढे दिवस काहून बसला असन?"

हा प्रश्न त्या घरी येणाऱ्या प्रत्येकाला विचारत. उत्तर त्यांना नकोच असे. तोवर त्या दुसरं पिस्तूल काढायला वळलेल्या असत.

ते वेलीचं पिस्तूल त्यांना इतवारीत मिळालं होतं. भांड्यांच्या एका व्यापाऱ्याकडे मोडीत आलेल्या पितळेच्या ढिगात ते पडलं होतं, काजळीनं काळंठिक्कर. पुढचा अख्खा उन्हाळा दुपारच्या वेळी कूलरसमोर बसून त्या कापसाच्या बोळ्यानं, तेलाच्या थेंबानं ते पुसत राहिल्या आणि धोटेकाका शेजारी टॉर्च धरून बसले. चांदीचं पहिलं पान दिसलं तेव्हा काका म्हणे उठून स्वयंपाकघरात गेले आणि साखर घेऊन आले. हे त्या सांगायच्या तेव्हा काका शेजारी बसून लाजायचे.

कोणी पाहुणा आवडला, तर त्या भरदुपारी पडदे ओढून घेत. चकमकीच्या पिस्तुलाला काडतूस नसतं. घोड्याच्या चिमट्यात गारगोटीचा तुकडा असतो; खटका दाबला की तो पोलादाच्या पत्र्यावर आपटतो आणि ठिणग्या पडतात. पूर्वी त्या ठिणग्यांनी दारू पेटायची. यांच्याकडे दारू नव्हती, कधीच नव्हती. अंधारात नुसता 'खट्' आवाज व्हायचा आणि नारिंगी ठिणग्यांचा झुबका खाली पडायचा. त्या उजेडात नलिनीताईंचा चेहरा मी पाहिला आहे. एवढी आनंदी बाई मी फार कमी वेळा पाहिली.

प्रत्येक पिस्तूल चालतं असलंच पाहिजे, हा त्यांचा हट्ट होता. पुण्याहून एक संग्राहक आले होते. ते म्हणाले, शोभेचीच वस्तू, आतलं यंत्र गंजलं तरी काय बिघडतं? त्या गृहस्थांना दुसरा चहा मिळाला नाही. ते गेल्यावर नलिनीताई काकांना म्हणाल्या, "वेल करणारा एक, खटका करणारा दुसरा. एकाचं काम मिरवायचं अन् दुसऱ्याचं मरू द्यायचं, हे कोणतं कौतुक?" काकांनी मान डोलावली.

मग काकांना विसर पडायला लागला. आधी ते मला जिन्यात दोनदा नमस्कार करत. मग दूध आणायला गेलेले काका गेटपाशी उभे राहून चौकीदाराला विचारू लागले, हे घर कोणाचं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि हा आता उतरणीचाच रस्ता आहे, हेही सांगितलं. दुकान आणि नवरा दोन्ही सांभाळणं नलिनीताईंना जमेना, म्हणून वर्ध्याहून त्यांची धाकटी बहीण कुंदाताई आली. ती विधवा, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली, कामाला वाघ. काकांना आंघोळ घालण्यापासून पोळ्या करण्यापर्यंत सगळं तिनं अंगावर घेतलं.

कुंदाताईला पिस्तुलं आवडत नसत. कपाट पुसताना ती सगळ्या नळ्या भिंतीकडे फिरवून ठेवायची. संध्याकाळी दुकानातून आल्यावर नलिनीताई त्या पुन्हा सरळ करायच्या. हे रोज चालायचं. मी एकदा तिथेच बसलो असताना कुंदाताई म्हणाली, "ताई, त्या कपाटाले कुलूप तरी लाव वं. भाऊजी आजकाल कशालेही हात लावून राहिले."

"लावते ना."

"कधी? किल्ली तर तिथंच लटकून राहिली."

"अवं, ते काय चाकू-सुरे आहेत का? लावते म्हटलं ना."

लावलं नाही. नलिनीताईंना ते खरोखर सुचत नव्हतं, असं मला वाटतं. ज्या वस्तूची भीती वाटत नाही, तिला कुलूप कोण लावतं?

काकांना मात्र भीती वाटायला लागली होती. "कोणीतरी येऊन राहिलं," असं ते दिवसातून कितीदा तरी म्हणत. एका दुपारी कुंदाताई भाजी घेऊन वर आली आणि तिनं बेल वाजवली. काकांनी दार उघडलं. त्यांच्या हातात ते वेलीचं पिस्तूल होतं. त्यांनी तिला ओळखलं नाही. ती "भाऊजी, मी कुंदा" म्हणते आहे तोवर त्यांनी ते तिच्या तोंडासमोर धरलं आणि खटका दाबला.

ठिणग्या पडल्या. दुसरं काही होणं शक्यच नव्हतं. पण कुंदाताई मागे सरकली, आणि मागे जिना होता.

आवाज ऐकून मी धावत खाली आलो. कुंदाताई जिन्याच्या वळणावर पडली होती, मनगट भलतीकडे वळलेलं, सगळीकडे वांगी आणि टमाटे. काका दारातच उभे होते. "चोर होता," ते मला हळूच म्हणाले. मग त्यांनी खाली वाकून पाहिलं आणि घाबऱ्या आवाजात विचारलं, "ही बाई कोण पडली गा?"

दवाखान्यात डॉक्टरांनी कसं पडलात म्हणून विचारलं, तेव्हा कुंदाताईनं सांगितलं, "चक्कर आली." तीनदा विचारलं, तीनदा तेच सांगितलं. पण चौकीदारानं काकांच्या हातातलं पिस्तूल पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी पोलीस घरी आले. अधिकारी तरुण होता आणि अतिशय नम्र. त्यानं कपाट पाहिलं, काकांकडे पाहिलं, आणि बहुधा त्याला सगळं समजलं. वहीत लिहायच्या आधी तो म्हणाला, "मॅडम, हे सगळं शोभेचं आहे ना? चालत तर नसतील?"

त्यानं उत्तर जवळजवळ हातात ठेवलं होतं. मी नलिनीताईंकडे पाहत होतो. 'नाही' म्हणा, एवढंच मनात म्हणत होतो.

"चालतात," नलिनीताई म्हणाल्या.

"म्हणजे, दुरुस्त केली तर?"

"दुरुस्त कायले करायची? मी स्वतः तेल घालते. सगळी चालतात. व्यवस्थित."

अधिकाऱ्यानं एक उसासा सोडला. मग त्यानं समजावून सांगितलं की जुनं, कायमचं निकामी झालेलं हत्यार घरी ठेवायला काही लागत नाही, पण चालतं हत्यार ते हत्यारच. आणि एका आजारी माणसानं ते कोणावर तरी रोखलं, असं कळल्यावर त्याला ते सोडून देता येणार नाही. पिस्तुलं नेली. शिपाई ती वर्तमानपत्रात गुंडाळायला लागले, तेव्हा नलिनीताईंनी आतून आपल्या सुती साड्या आणून दिल्या.

काकांनाही जबाबासाठी बोलावलं. ठाण्यात कोणी त्यांना रागावलं नाही, चहासुद्धा दिला. पण जबाब घ्यायला जो यायचा होता त्याला उशीर झाला आणि काका सगळी दुपार बाकावर बसून राहिले. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक शिपायाला ते विचारत होते, "गाडी लेट आहे का?" मधूनच खिशात तिकीट शोधत होते. मी शेजारी बसून त्यांचा हात धरला होता. नलिनीताई आत होत्या.

त्या दिवसानंतर काका दिवाणखान्यात आले नाहीत. पलंगाच्या कडेला भिंतीकडे तोंड करून बसत आणि बेल वाजली की दोन्ही हात पाठीमागे लपवत. काय केलं ते त्यांना आठवत नव्हतं. काहीतरी केलं आहे, एवढंच त्यांच्या अंगात राहिलं होतं.

मी डबा घेऊन दवाखान्यात गेलो, तेव्हा दोघी बहिणी बोलत होत्या. मी दाराशीच थांबलो. कुंदाताईच्या हाताला प्लास्टर होतं, आवाज मात्र खणखणीत.

"मी डॉक्टरले खोटं काहून सांगितलं?"

"माह्यासाठी," नलिनीताई म्हणाल्या.

"तुह्यासाठी, अन् भाऊजींसाठी. देवाची शपथ घालून विचारलं असतं तरी मी तेच सांगितलं असतं. अन् तू? त्या पोलिसानं तुले विचारलं, तर तुले लोखंडासाठी एक शब्द खोटा बोलता नाही आला?"

"लोखंड नाही वं ते, कुंदा. कोणीतरी जीव ओतून केलेलं काम आहे. मेलेलं आहे असं कसं सांगू मी? तू ती वेल कधी नीट पाहिलीच नाही."

"पाहिली असती ना. एवढ्या जवळ होती." कुंदाताईचा आवाज खाली आला. "माह्या डोळ्यापुढं नळीचं भोक होतं, ताई. तिकडून वेल दिसत नाही. तिकडून नुसतं भोक दिसते."

 सवयीनंच असेल, नलिनीताईंचा हात कुंदाताईच्या चष्म्याकडे गेला. कुंदाताईनं तोंड फिरवलं.

धंतोलीत राहणारा तिचा पुतण्या येऊन तिला वर्ध्याला घेऊन गेला. हाड जुळलं, पण मनगट पूर्वीसारखं फिरेना, असं कळलं. नलिनीताई रोज फोन लावत. कधी उचलला जाई, कधी नाही. उचलला की त्या फक्त काकांनी काय खाल्लं ते सांगत.

दुकान आता अर्धाच दिवस उघडं असे. त्यांच्यासमोर बसून मी कितीदा बोललो असेन, त्यांनी माझ्या चष्म्याला हात लावला नाही. तो त्या काळात वाकडाच राहिला. दिवाणखान्यातलं रिकामं कपाट त्यांनी काढलं नाही. येणारे लोक तिकडे पाहत आणि मग पटकन पंख्याबद्दल काहीतरी बोलत.

बऱ्याच महिन्यांनी निर्णय आला. पिस्तुलं कायमची निकामी करून घेतली तर घरी नेता येतील. नाहीतर परवाना असलेल्या एखाद्या संग्रहालयाला द्यावी लागतील. त्या दिवशी मी त्यांच्यासोबत ठाण्यात गेलो. जप्त मालाच्या खोलीतून साड्यांची गाठोडी आली. पावसाळा मध्ये गेला होता. नळ्यांवर तांबूस ठिपके आले होते आणि वेलीची तार दोन जागी लाकडातून वर उठली होती. नलिनीताईंनी त्यावरून अंगठा फिरवला, तर तो कापला.

आता तिथे दुसरा अधिकारी होता, पण तोही भला माणूस. म्हणाला, "काही विशेष नाही, मॅडम. ठिणगी आत जाते ते बारीक भोक बुजवायचं, आतली स्प्रिंग काढायची. कळमन्याकडे एक वेल्डिंगवाला आहे, तासाभरात करून देतो. बाहेरची नक्षी जशीच्या तशी राहते. कोणाले समजणारसुद्धा नाही."

"मले समजन ना," नलिनीताई म्हणाल्या.

त्या कितीतरी वेळ ते पिस्तूल मांडीवर घेऊन बसल्या. अंगठ्याचं रक्त साडीला लागत होतं. मी म्हणालो, "ताई, घरी न्या. बुजवलं तर बुजवलं. निदान डोळ्यांसमोर राहतील."

"बुजवून तर मले न्यायचीच नाहीत, सर." त्यांनी पिस्तूल साडीत गुंडाळायला घेतलं. "अन् परवानगी असती तरी न बुजवता, जिथं कुंदा पडली तिथं नेली नसती. देऊन टाका संग्रहालयाले. चालती राहू द्या. माह्या घरी नको."

तशी सही त्यांनी केली. परतताना ऑटोत त्या एकदम बोलायला लागल्या. रस्त्यावर गर्दी होती, सगळं ऐकू येत नव्हतं.

"ते तिथं बाकावर बसून गाडीची वाट पाहून राहिले होते ना सर, तेव्हा मी आत काय करून राहिली होती, माहीत आहे? त्या शिपायाले सांगून राहिली होती, का दमट जागी ठेवू नका. चांदी उकलते. अर्धा तास समजावलं मी त्याले." त्या बाहेर पाहत होत्या. "ह्यांच्याजवळ तुम्ही बसले होते."

 

संग्रहालयानं पिस्तुलं आतल्या खोलीत ठेवली. त्या एकदा पाहायला गेल्या, तर नोंदणी व्हायची आहे, नंतर या, असं सांगितलं. पुन्हा गेल्याचं मला माहीत नाही. त्या काकांपाशी बसू लागल्या. बेल वाजली की ते हात मागे लपवत, तेव्हा त्या ते हात पुढे आणून आपल्या हातात धरत. दुकान त्यांनी त्याच वर्षी विकलं.

काका भर उन्हाळ्यात गेले, झोपेतच. कळवल्यावर कुंदाताई सकाळच्या गाडीनं आली. मी खाली पाण्याच्या कॅनची व्यवस्था पाहत होतो. ती गेटमधून आत आली, जिन्यापाशी गेली आणि तिथेच थांबली.

"कुंदाताई, वर चला," मी म्हणालो.

"येऊन राहिली." पण ती हलली नाही. कठडा धरून ती एक पायरी चढली, दुसरी चढली, तिनं वर पाहिलं, आणि ती उतरून खाली आली. तिच्या कपाळावर घाम होता. "नाही जमत, भाऊ. ते दार दिसते."

मी वर जाऊन नलिनीताईंच्या कानात सांगितलं. घर माणसांनी भरलेलं, काकांना अजून न्यायचं होतं. त्या तशाच उठल्या. एक म्हातारी नातलग म्हणाली, "अवं, आता कुठं चालली?" त्या अनवाणीच जिना उतरल्या. खाली स्कूटरींच्या मध्ये कुंदाताई उभी होती. दोघी एकमेकींसमोर उभ्या राहिल्या.

"भाऊजींनी काही खाल्लं होतं का काल?" कुंदाताईनं विचारलं.

"दहीभात," नलिनीताई म्हणाल्या, आणि तेव्हा त्या पहिल्यांदा रडल्या.

पुढचे सगळे दिवस कुंदाताई धंतोलीत पुतण्याकडे उतरली. सकाळी यायची आणि खाली पार्किंगमध्येच बसायची. नलिनीताई खाली उतरायच्या. दोन प्लास्टिकच्या खुर्च्या मी ठेवल्या होत्या. भेटायला येणारे लोक वर जात, दार उघडं आणि घरात कोणी नाही असं पाहून खाली येत, आणि स्कूटरींच्या मधून वाट काढत सांत्वनाचं बोलत. काहींना ते बरं वाटलं नाही. नलिनीताईंना कोणाला काय वाटतं याची फिकीर दिसली नाही. त्या दोघी फारसं बोलत नसत. चहा येई, पिऊन होई, ऊन सरकलं की खुर्च्या सरकत.

तेरवी झाली आणि नलिनीताई वर्ध्याला जायला निघाल्या. घराची किल्ली त्यांनी माझ्याकडे दिली. विकायचं ते पुतण्या पाहणार होता. गाडीत सामान भरलं. मी गेटपाशी उभा राहून पाहत होतो. गरम वारा सुटला होता आणि कुंदाताईचे केस सुटून तोंडावर येत होते. ती ते एका हातानं गोळा करू पाहत होती. दुसरं मनगट वळत नव्हतं. वेणी काही तिला आता घालता येत नव्हती. नलिनीताईंनी गाडीचं उघडलेलं दार लावलं. बहिणीचा खांदा धरून त्यांनी तिला जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसवलं, स्वतः तिच्या मागच्या पायरीवर बसल्या आणि केसांचे तीन पेड हातात घेतले. कुंदाताईनं एकदा मान वळवून वर, जिन्याकडे पाहिलं, आणि पुन्हा पुढे केली.

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. मग पुन्हा वाजवला.

"थांब ना गा," नलिनीताई मान वर न करता म्हणाल्या. "होऊन राहिलं."